कालेंजिन धावपटू आणि जनुकांचा प्रश्न: एक प्रकरण अभ्यास

केनियाच्या पश्चिमेला, ग्रेट रिफ्ट खोऱ्याच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर इटेन नावाचे एक लहान गाव आहे. दर गुरुवारी सकाळी गावाबाहेरच्या लाल मातीच्या रस्त्यावर शेकडो धावपटू एकत्र जमतात. काहीजण ऑलिंपिकला जाऊन आलेले असतात, तर काहींच्या पायांत दुसऱ्याने वापरून दिलेले जुने बूट असतात. मनगटावरचे घड्याळ वाजले की सगळा घोळका एकदम वेग घेतो, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा वाजले की सगळे मंदावतात आणि मिनिटभराने पुन्हा तोच वेग. पाच-सहा फेऱ्या झाल्या की घोळक्याची शेपटी तुटू लागते. जो तुटला तो रस्त्याच्या कडेला धुळीत, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. पुढच्या गुरुवारी तो बहुधा पुन्हा आलेला असतो.

या रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी बहुसंख्य कालेंजिन आहेत. २०१९ च्या जनगणनेनुसार केनियातील कालेंजिनांची संख्या सुमारे ६३ लाख होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या तेरा टक्क्यांच्या आसपास आणि जगाच्या लोकसंख्येच्या हजारात एक भागापेक्षाही कमी. तरीही गेल्या पन्नास-साठ वर्षांतील लांब पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी केल्विन किप्टमने शिकागोत ती वेळ २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांवर आणली. दोघेही कालेंजिन, आणि दोघांची गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

इतके थोडे लोक इतके पुढे कसे, या प्रश्नावर पहिले उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असते: ‘त्यांच्या रक्तातच आहे.’ प्रस्तुत अभ्यासात हे उत्तर तपासले आहे. ते झटकून टाकण्याचा हेतू नाही, कारण धावण्याच्या क्षमतेत आनुवंशिकतेचा वाटा खरोखरच मोठा आहे. मात्र या एका वाक्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. शंभर मुलांना सारखाच सराव दिला तर त्यातले एखादेच इतके पुढे का जाते, हा पहिला. एखादा समूहच्या समूह एका विशिष्ट काळात पुढे का येतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवण्याची चूक या विषयात इतक्या वेळा होते की, सारा पुरावा या दोन प्रश्नांमध्ये वाटून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रकरणाची व्याप्ती

‘कालेंजिन’ या नावाविषयी आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नांदी, किप्सिगिस, केइयो, मारक्वेट, तुगेन, पोकोट, साबाओत अशा परस्परसंबंधित भाषा बोलणाऱ्या लोकांचे हे सामूहिक नाव १९४० च्या दशकात रूढ झाले, आणि ‘मी तुम्हाला सांगतो’ अशा अर्थाच्या बोलीतील शब्दावरून ते आले आहे. ज्या समूहाच्या ‘खास जनुकां’विषयी आज बोलले जाते, त्या समूहाचे नावही शंभर वर्षे जुने नाही. या लोकांमध्ये समान वंशपरंपरा नाही असा याचा अर्थ नव्हे. पण ही बंदिस्त, एकजिनसी वंशावळ आहे असे गृहीत धरणे योग्य नाही, एवढे यावरून निश्चित होते.

केनियाला ऑलिंपिकमधले पहिले पदक १९६४ मध्ये टोकियोत विल्सन किप्रुगुटने ८०० मीटरमध्ये मिळवून दिले. तो किप्सिगिस होता. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत, म्हणजे २,२४० मीटर उंचीवर, किपचोगे केइनोने १,५०० मीटरमध्ये अमेरिकेच्या जिम रायनला मागे टाकले आणि आमोस बिवॉटने ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, जिंकली. हे दोघेही नांदी. मात्र त्याच स्पर्धेत १०,००० मीटरचे सुवर्ण जिंकणारा नफ्ताली तेमू किसी समाजाचा होता, आणि किसी हे बांटू भाषिक आहेत, कालेंजिन नव्हेत. पुढे २००८ मध्ये बीजिंगला मॅरेथॉन जिंकणारा सॅम्युएल वांजिरू किकुयू होता. कालेंजिनांचे वर्चस्व निर्विवाद असले तरी केनियाचे यश फक्त त्यांचेच आहे, हे खरे नाही.

शेजारच्या इथिओपियाचे उदाहरणही येथे ठेवले पाहिजे. अर्सी भागातील बेकोजी या लहान गावाने देरार्तु तुलू, केनेनिसा बेकेले आणि तिरुनेश दिबाबा यांच्यासारखे धावपटू दिले. हे ओरोमो लोक. त्यांची भाषा वेगळ्या कुळातील आहे आणि त्यांचा वंशेतिहासही कालेंजिनांपेक्षा बराच वेगळा आहे. ‘पूर्व आफ्रिकी जनुक’ हा शब्दप्रयोग करणाऱ्याला या दोन भिन्न इतिहासांमध्ये नेमके कोणते जनुक समान आहे, हे दाखवावे लागेल.

प्रयोगशाळेत काय सापडले

लांब पल्ल्याच्या धावण्याची क्षमता साधारणपणे तीन गोष्टींवर मोजतात: शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, त्यापैकी किती टक्के क्षमता स्नायू न थकता दीर्घकाळ टिकवता येते, आणि ठरावीक वेगाने धावायला किती प्राणवायू खर्च होतो, म्हणजेच धावण्यातील काटकसर. गाड्यांच्या भाषेत पहिली गोष्ट इंजिनाची ताकद आणि तिसरी म्हणजे मायलेज.

१९९० च्या दशकात स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी केनियन आणि स्कँडिनेव्हियन धावपटूंची तुलना केली, तेव्हा इंजिनाच्या ताकदीत फारसा फरक आढळला नाही. अव्वल धावपटू दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. फरक मायलेजमध्ये दिसला. त्याच वेगाला केनियन धावपटू कमी प्राणवायू वापरत होते, आणि त्याचे एक कारण त्यांच्या पायांच्या ठेवणीत होते: पोटऱ्या बारीक, पायाचा खालचा भाग हलका.

हे कारण समजून घेण्यासारखे आहे. धावताना पाय लोलकासारखा पुढेमागे झुलतो आणि लोलकाच्या टोकाशी असलेले वजन हलवायला सर्वांत जास्त ऊर्जा लागते. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढवले तर प्राणवायूचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. तेवढेच वजन कमरेला बांधले तर फरक जेमतेम जाणवतो. मॅरेथॉनमध्ये एक टक्का म्हणजे एक मिनिटापेक्षा जास्त वेळ, आणि पहिला व दहावा क्रमांक यांतले अंतर कित्येकदा त्याहून फार मोठे नसते. शरीराची लांबसडक ठेवण आणि हातापायांचा सडपातळपणा बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. त्यामुळे समूहपातळीवर जनुकांच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, असे माझे मत आहे, आणि जनुकांचे नाव काढताच बिथरणाऱ्यांनी तो नाकारू नये.

मात्र त्याच संशोधकांच्या वर्तुळातील हेनरिक लार्सेन यांनी नांदी मुलांवर केलेले काम दुसरी बाजू दाखवते. शहरात वाढलेली नांदी मुले आणि खेड्यात वाढलेली नांदी मुले यांची तुलना केली, तेव्हा सरावाआधीच खेड्यातील मुलांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जास्त होती. वंश एकच, पण खेड्यातल्या मुलाचा दिवस गुरांमागे, पाण्यासाठी आणि शाळेच्या वाटेवर जात होता. नंतर दोन्ही गटांना धावण्याचा सराव दिला, तर सुधारणा दोन्हीकडे सारखीच झाली. सरावाला विलक्षण प्रतिसाद देण्याचे एखादे खास वरदान या मुलांना होते, असे त्यातून दिसले नाही.

आता थेट जनुकांकडे. ‘वेगाचे जनुक’ म्हणून प्रसिद्ध झालेले एसीटीएन३ हे जनुक वेगवान स्नायुतंतूंमधील एक प्रथिन बनवते. त्याच्या एका प्रकारात, ज्याला एक्स म्हणतात, हे प्रथिन बनतच नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यासात अव्वल स्प्रिंट धावपटूंमध्ये हे प्रथिन नसलेले लोक फारच कमी आढळले, आणि तेव्हापासून एक्स प्रकाराला ‘दमाचे जनुक’ म्हणण्याची पद्धत पडली. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १८ टक्के माणसांत हे प्रथिन नसते. दमाचे जनुक खरे असते, तर केनियन लोकांत हे प्रमाण यापेक्षा बरेच जास्त निघायला हवे होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सुमारे एक टक्का निघाले, आणि तेथील अव्वल धावपटू व सामान्य लोक यांच्यात फरक आढळला नाही. एसीई या दुसऱ्या बहुचर्चित जनुकाच्या बाबतीतही केनियन धावपटूंमध्ये असाच निराशाजनक निकाल आला.

एकेक जनुक निवडून तपासण्याऐवजी संपूर्ण जनुकसंचच चाळावा, या हेतूने एक आंतरराष्ट्रीय प्रयत्न झाला. केनिया, इथिओपिया, जपान, रशिया, पोलंड, स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील १,५२० सहनशक्तीचे खेळाडू आणि २,७६० सामान्य व्यक्तींची तुलना करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जागतिक दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंमध्ये समान असा कोणताही सामाईक जनुकीय ठसा त्यात सापडला नाही.

या निकालाचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. जनुकांचा प्रभाव नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. उंचीसारखा साधा गुणधर्म हजारो जनुकीय फरकांच्या चिमूटभर परिणामांनी घडतो, मग फुप्फुसे, हृदय, रक्त, स्नायू, हाडे आणि मन या सर्वांची परीक्षा घेणारा गुण दोन-चार जनुकांवर कसा उभा राहील? एकच जनुक निर्णायक ठरल्याची उदाहरणे अपवादात्मक आहेत. फिनलंडचा स्कीपटू एरो मँटिरांता हा त्यांतला सर्वांत ठळक. त्याच्या घराण्यात लाल रक्तपेशींच्या निर्मितीला आवर घालणारी यंत्रणा एका उत्परिवर्तनामुळे सैल झाली होती आणि त्याचे हिमोग्लोबिन असामान्य पातळीवर राहत असे. १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने तीन सुवर्णपदके मिळवली, आणि १९९३ मध्ये त्यामागचे जनुकीय कारण स्पष्ट झाले. हे एका घराण्याचे प्रकरण आहे. तसे काही कालेंजिनांत कोणालाही आढळलेले नाही.

व्यक्तीव्यक्तींमधील फरकाविषयीचा पुरावा मात्र भरभक्कम आहे. उत्तर अमेरिकेत क्लोद बुशार यांच्या नेतृत्वाखाली ९८ कुटुंबांतील ४८१ बैठी जीवनशैली असलेल्या व्यक्तींना वीस आठवडे अगदी एकसारखा सराव दिला गेला. प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेत सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर झाली. परंतु काहींची वाढ जवळजवळ शून्य होती आणि काहींची एक लिटरच्याही पुढे गेली. या फरकापैकी जवळपास निम्मा वाटा कौटुंबिक वारशाशी जोडता येतो, असे विश्लेषणात दिसले. गुरुवारच्या घोळक्यातून कोण तुटतो आणि कोण टिकतो, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. सारखाच आहार घेणारी, सारख्याच उंचीवर वाढलेली, सारखाच सराव करणारी मुले एकत्र धावतात, तेव्हा उरलेला फरक जनुकांकडेच अधिक जातो. पण ‘निम्मा वाटा’ हा आकडा त्या कुटुंबांमधील फरकांविषयी आहे. तो उचलून नांदी आणि नॉर्वेजियन यांच्यातील फरकाला लावणे ही गणिताचीच चूक आहे.

तीच जनुके, वेगळे निकाल

समूहाच्या प्रश्नावर मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा प्रयोगशाळेतला नाही. जनुके स्थिर असताना निकाल कसे बदलले, हे पाहण्याची संधी या प्रकरणात इतिहासानेच तीन ठिकाणी दिली आहे.

पहिले ठिकाण घरातलेच आहे. केइनो आणि बिवॉट यांनी १९६८ मध्ये सुवर्ण जिंकले. त्यांच्या बहिणींची वंशपरंपरा तीच होती, त्या त्याच डोंगरावर वाढल्या आणि त्याच वाटा तुडवत होत्या. केनियन स्त्रीला ऑलिंपिकमधले पहिले पदक मात्र १९९६ मध्ये पॉलिन कोंगाच्या रूपाने मिळाले आणि पहिले सुवर्ण २००८ मध्ये पामेला जेलिमोच्या रूपाने. मध्ये चाळीस वर्षे गेली. याला काही अंशी ऑलिंपिकचे वेळापत्रक जबाबदार होते, कारण स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये आणि ५,००० मीटर १९९६ मध्ये सुरू झाली. पण १,५०० मीटरची शर्यत स्त्रियांसाठी १९७२ पासून होती. लवकर होणारे लग्न, घरकामाचा भार, आणि मुलीने लग्नानंतरही धावत राहावे ही कल्पनाच नसणे, या गोष्टींनी बाकीचा वेळ खाल्ला. त्याच कालेंजिन समाजातील फेथ किप्येगॉनने १,५०० मीटरमध्ये २०१६, २०२१ आणि २०२४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णे जिंकली, तीही मध्ये आई होऊन परत आल्यावर. चाळीस-पन्नास वर्षांत जनुके बदलत नाहीत. बदलली ती घराची आणि समाजाची परवानगी.

दुसरे ठिकाण सरहद्दीपलीकडे, माउंट एल्गॉनच्या युगांडातील उतारावर आहे. तेथील कापचोर्वा भागात सेबेई राहतात. भाषेने आणि वंशाने ते कालेंजिनांचेच भाऊबंद. उंचीही तशीच, शेतीही तशीच. केनियाचे नांदी आणि किप्सिगिस १९६० आणि १९७० च्या दशकांत पदके आणत होते, तेव्हा सेबेईंच्या नावावर लांब पल्ल्याचे एकही ऑलिंपिक पदक नव्हते. युगांडा १९७१ पासून पंधरा वर्षे हुकूमशाही आणि यादवीत होरपळत होता. त्या अवस्थेत तेथे ना स्पर्धा टिकल्या, ना प्रशिक्षक. २०१२ मध्ये लंडनला मॅरेथॉन जिंकणारा स्टीफन किप्रोटिच कापचोर्वाचा होता, पण त्याने सराव केला तो केनियातील एल्डोरेट परिसरात येऊन. २०२० मध्ये त्याच भागातील जोशुआ चेप्टेगेईने १०,००० मीटरचा विश्वविक्रम २६ मिनिटे ११ सेकंदांवर आणला आणि २०२४ मध्ये पॅरिसला त्याच शर्यतीचे सुवर्ण जिंकले. केनियाने पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९६८ नंतर एकदाही जिंकलेली नाही, आणि ते एकमेव सुवर्णही किसी तेमूचे. सरहद्दीच्या केनियन बाजूच्या कालेंजिनांना ऑलिंपिकमध्ये जे कधीच जमले नाही, ते पलीकडच्या त्यांच्याच भाऊबंदांपैकी एकाने करून दाखवले.

तिसरे ठिकाण स्टीपलचेसचे. पुरुषांची ही शर्यत १९६८ ते २०१६ या काळात केनियाने भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये जिंकली. १९७६ आणि १९८० मध्ये त्यांचा बहिष्कार होता. ही मक्तेदारी इतकी पक्की होती की तिला जन्मजात म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. २०२१ मध्ये टोकियोत मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ती मोडली आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकून ते अपघाताने घडले नव्हते, हे दाखवले. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये पैसा वाढत गेला आणि केनियाचे तरुण ट्रॅक सोडून लवकर तिकडे वळू लागले, हे यामागचे एक कारण असावे, असे मला वाटते.

घडवणारी व्यवस्था

पैशाचा हा धागा पुढे नेला पाहिजे. बॉस्टन मॅरेथॉनने १९८६ मध्ये बक्षिसाची रक्कम सुरू केली. १९८८ मध्ये नांदी धावपटू इब्राहिम हुसेन ती जिंकणारा पहिला आफ्रिकी ठरला, आणि १९९१ ते २००० ही सलग दहा वर्षे तेथे पुरुषांत केनियनच जिंकले. आज बॉस्टनच्या विजेत्याला १,५०,००० डॉलर मिळतात, तर केनियात दरडोई वार्षिक उत्पन्न दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. एका शर्यतीत कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांचे भवितव्य बदलते, हे गावातल्या प्रत्येक मुलाला समोरच्या शेजाऱ्याच्या नव्या घराकडे पाहून कळते.

शेजारी ही गोष्ट येथे किती मोलाची आहे, हे किपचोगेच्या सुरुवातीवरून दिसते. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे रौप्य जिंकलेला पॅट्रिक सँग त्याच्याच परिसरातला. २००१ च्या सुमारास सोळा वर्षांचा किपचोगे त्याच्याकडे सरावाचे वेळापत्रक मागायला गेला, दिलेले पूर्ण करून पुन्हा आला, आणि पुन्हा आला. २००३ मध्ये तो पॅरिसला ५,००० मीटरचा विश्वविजेता झाला. जगात दुसरीकडे तितकीच देणगी घेऊन जन्मलेला एखादा मुलगा असेलही, पण त्याच्या चालत जाण्याच्या अंतरावर ऑलिंपिक पदकविजेता राहत नसतो. इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ मध्ये आलेले आयरिश धर्मबंधू कोल्म ओ'कॉनेल यांनीही पुढची अनेक दशके हेच काम केले.

उत्तेजक द्रव्यांचा विषय टाळता येत नाही. गेल्या दशकभरात शंभराहून अधिक केनियन धावपटूंवर बंदी आली आहे आणि त्यांत ऑलिंपिक विजेतेही आहेत. त्यामुळे अलीकडच्या कोणत्याही वेळेवरून शरीराच्या मूळ क्षमतेचा अंदाज बांधताना हात आखडता घ्यावा लागतो. तरी केइनो आणि बिवॉट यांची १९६८ ची पदके कृत्रिम ईपीओ (लाल रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक) उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधीची आहेत.

पुराव्याचे वजन

जनुकांच्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद येथे प्रामाणिकपणे मांडतो. एखाद्या गुणाची समूहाची सरासरी किंचित जरी पुढे असली, तरी टोकावरचा फरक प्रचंड होतो. समजा, जागतिक दर्जा गाठायला सरासरीच्या चार प्रमाण विचलने (माणसे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेली असतात, त्याचे माप) वर असणे आवश्यक आहे, आणि एका समूहाची सरासरी अर्ध्या प्रमाण विचलनाने पुढे आहे. मग त्या समूहात दर लाख माणसांमागे जागतिक दर्जाचे धावपटू सुमारे सातपट निघतील. बारीक पोटऱ्यांचा लाभ असा काम करत असू शकतो आणि मला तो संभाव्य वाटतो. परंतु हेच गणित जनुके सोडून इतर कारणांनाही जसेच्या तसे लागू पडते. उंचीवर वाढलेले बालपण, पायी शाळा, शेजारचा पदकविजेता आणि दारात उभा असलेला पैसा यांनी सरासरी तेवढीच सरकली, तरी टोकावर तेवढेच धावपटू निघतील. निव्वळ विजेत्यांची यादी पाहून सरासरी कशाने सरकली, हे कधीच सांगता येत नाही. त्यासाठी एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदललेली पाहावी लागते, आणि वरील तीन ठिकाणी जनुके स्थिर होती.

म्हणून माझे मत असे: घोळक्यात शेवटपर्यंत कोण टिकतो, हे ठरवण्यात जनुकांचा मोठा हात आहे. कालेंजिनांची शरीरयष्टी त्यांना थोडा आरंभीचा लाभ देत असावी. पण घोळका मुळात इटेनच्या रस्त्यावर का जमतो, तो १९३० मध्ये का जमत नव्हता, आणि त्यात स्त्रिया इतक्या उशिरा का आल्या, या प्रश्नांना जनुकांकडे उत्तर नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत लांब पल्ल्याच्या शर्यती फिनलंडच्या मालकीच्या होत्या. पावो नुर्मीने नऊ ऑलिंपिक सुवर्णे जिंकली, १९३६ मध्ये बर्लिनला १०,००० मीटरचे तिन्ही पदकविजेते फिनिश होते, आणि त्या काळी त्याचे कारण फिनिश वंशात शोधणारे अभ्यासकही होते. फिनिश लोकांची जनुके आजही तीच आहेत.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही. लाळेचा नमुना घेऊन मुलाने कोणता खेळ खेळावा हे सांगणाऱ्या चाचण्या पालकांना विकल्या जातात आणि त्यांपैकी अनेकींत एसीटीएन३ हे मुख्य जनुक असते. २०१५ मध्ये क्रीडा-जनुकशास्त्रातील तज्ज्ञांनी एकत्रितपणे सांगितले की, प्रतिभाशोधासाठी अशा चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. इटेनच्या गुरुवारच्या घोळक्यातील शंभर जणांची लाळ या चाचणीला पाठवली, तर त्यांतल्या जवळपास नव्याण्णव जणांच्या स्नायूंत ते वेगाचे प्रथिन आहे, असा अहवाल येईल, आणि चाचणीच्या नेहमीच्या भाषेत त्यांना लांब पल्ला सोडून शंभर-दोनशे मीटरकडे वळण्याचा सल्ला मिळेल.